विश्लेषण : लाखोंच्या ‘समर प्रोग्रॅम’मुळे हार्वर्ड-स्टॅनफर्डचे दार उघडते का?

अमेरिकेतील नामांकित विद्यापीठांच्या आवारात दर उन्हाळ्यात शाळकरी मुलांसाठी अभ्यासवर्ग भरतात. मुंबई, पुणे, नागपूरच्या शाळांतूनही विद्यार्थी तिकडे जातात. दोन आठवड्यांसाठी पाच-सहा लाख रुपये मोजणाऱ्या पालकांच्या मनात अपेक्षा बहुधा एकच असते. उद्या पदवी प्रवेशाच्या वेळी हे प्रमाणपत्र कामी येईल, ही ती अपेक्षा. ती कितपत खरी आहे? कोणत्या कार्यक्रमाला खरे वजन असते आणि कोणत्या कार्यक्रमात फक्त विद्यापीठाचे नाव विकत मिळते, याचा आढावा.

हे ‘समर प्रोग्रॅम’ काय असतात?

नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांनी जून-जुलैत विद्यापीठाच्या वसतिगृहात राहायचे, प्राध्यापक किंवा संशोधक विद्यार्थ्यांकडून एखादा विषय शिकायचा आणि महाविद्यालयीन आयुष्याची चव घ्यायची, असे या कार्यक्रमांचे साधारण स्वरूप असते. कल्पना नवी नाही. हार्वर्डचे उन्हाळी वर्ग १८७१ पासून भरतात. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने असामान्य बुद्धिमत्तेच्या मुलांसाठी १९७९ मध्ये केंद्र सुरू केले आणि अशा मुलांसाठी उन्हाळी शिबिरांची परंपरा रुजवली.

मात्र गेल्या काही दशकांत या उपक्रमांचा विस्तार झाला तो मुख्यतः अर्थकारणामुळे. मे अखेरीस पदवीचे विद्यार्थी घरी जातात. ऑगस्ट अखेरपर्यंत वसतिगृहे, भोजनगृहे, वर्गखोल्या रिकाम्या पडतात. त्यांचा देखभालखर्च मात्र चालूच राहतो. शुल्क भरणारे शाळकरी विद्यार्थी ही पोकळी भरून काढतात. हार्वर्डच्या दोन आठवड्यांच्या निवासी कार्यक्रमाचे शुल्क अलीकडच्या काळात साडेपाच ते सहा हजार डॉलरच्या घरात आहे. सात आठवड्यांचा, पदवीचे क्रेडिट देणारा निवासी अभ्यासक्रम घेतला तर आकडा दहा हजार डॉलरच्या बराच पुढे जातो. डॉलर ८५ ते ९० रुपयांच्या दरम्यान धरला तर दोन आठवड्यांचे शुल्कच पाच लाखांच्या आसपास होते. विमानभाडे, व्हिसा, विमा, खरेदी हे सारे वेगळे. ब्राऊन, स्टॅनफर्ड, येल अशा अनेक विद्यापीठांत वेगवेगळ्या नावांनी असे कार्यक्रम चालतात.

प्रवेशाची स्पर्धा किती तीव्र आहे?

२०२४ मध्ये हार्वर्डच्या पदवी अभ्यासक्रमासाठी ५४ हजार ८ अर्ज आले आणि १ हजार ९३७ जणांना प्रवेश देऊ करण्यात आला. म्हणजे १०० अर्जदारांमागे साडेतीनच्या थोडे वर. त्याआधीच्या वर्षी स्टॅनफर्डमध्ये हे प्रमाण चार टक्क्यांच्या किंचित खाली, तर मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी अर्थात एमआयटीमध्ये पाच टक्क्यांच्या आत होते.

करोनाकाळात बहुतेक विद्यापीठांनी सॅट किंवा एसीटी परीक्षेची सक्ती उठवली. त्यामुळे पूर्वी गुण कमी म्हणून जे अर्ज करत नव्हते, तेही नशीब अजमावू लागले. हार्वर्डकडे २०२० मध्ये सुमारे ४० हजार अर्ज आले होते. पुढच्याच वर्षी तो आकडा ५७ हजारांवर गेला. जागा मात्र तेवढ्याच राहिल्या. २०२२ मध्ये एमआयटीने आणि २०२४ मध्ये हार्वर्ड, डार्टमथ, ब्राऊन यांनी परीक्षेची सक्ती परत आणण्याचे जाहीर केले.

या आकड्यांचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. समजा, एखाद्या उन्हाळी कार्यक्रमाने प्रवेशाची शक्यता दुप्पट केली. तसा पुरावा नाही, पण वादासाठी मानू. तरी साडेतीन टक्क्यांचे सात टक्के होतील आणि १०० पैकी ९३ जणांना नकारच मिळेल. जाहिरातीत ‘शक्यता वाढते’ असे वाचताना ती किती होती आणि किती झाली, हे विचारले जात नाही. इथेच पालकांची पहिली चूक होते.

विद्यापीठे स्वतः काय सांगतात?

या बाबतीत विद्यापीठांची भूमिका बऱ्यापैकी स्पष्ट आहे. शुल्क घेऊन चालणारे उन्हाळी कार्यक्रम सहसा विद्यापीठाचा निरंतर शिक्षण विभाग किंवा उन्हाळी शाळा चालवते. पदवी प्रवेशाचा निर्णय घेणारे कार्यालय वेगळे असते. उन्हाळ्यात आमच्याकडे आलात म्हणजे पदवीला प्रवेश मिळेल असे समजू नका, अशी सूचना अनेक कार्यक्रमांच्या माहितीपत्रकात दिलेली असते. ती बारीक अक्षरात असते आणि वर आवाराचे सुंदर छायाचित्र असते, हा भाग निराळा.

दुसरा पुरावा ‘कॉमन डेटा सेट’ या दस्तावेजात मिळतो. अमेरिकेतील बहुतेक विद्यापीठे दरवर्षी ठरावीक नमुन्यात आपली आकडेवारी प्रसिद्ध करतात. प्रवेश देताना कोणत्या घटकाला किती महत्त्व दिले जाते, याचा तक्ता त्यात असतो. शाळेत घेतलेल्या विषयांची काठिण्यपातळी, गुण, निबंध, शिक्षकांची शिफारसपत्रे, अभ्यासेतर उपक्रम, विशेष प्रावीण्य, स्वभावगुण, स्वयंसेवा, नोकरीचा अनुभव असे घटक त्यात नोंदलेले असतात. ‘आमच्या आवारात उन्हाळ्यात येऊन गेला’ असा रकाना त्यात नाही.

काही महाविद्यालये ‘अर्जदाराने आमच्यात किती रस दाखवला’ हे जरूर पाहतात. प्रवेश दिला तर हा विद्यार्थी खरेच येईल का, याचा त्यांना अंदाज हवा असतो. पण हार्वर्ड, येल, स्टॅनफर्ड, एमआयटी यांसारख्या संस्था हा घटक विचारातच घेत नाहीत. ज्यांच्या दारात रांग आहे, त्यांना कोण किती उत्सुक आहे हे मोजण्याची गरज नसते. त्यामुळे ‘तिथे जाऊन आलो म्हणजे आवड दिसेल’ हा युक्तिवाद जिथे सर्वाधिक केला जातो, तिथेच तो सर्वांत कमी लागू पडतो.

सगळेच कार्यक्रम सारखे आहेत का?

नाही. काही उन्हाळी कार्यक्रमांना प्रवेश समित्या खरोखर मान देतात. त्यांचे वेगळेपण असे की तिथे निवड आधी होते, पैशांचा प्रश्न नंतर येतो. कित्येकदा तो येतच नाही.

‘रिसर्च सायन्स इन्स्टिट्यूट’ हे त्याचे ठळक उदाहरण. १९८४ पासून चालणारा हा सहा आठवड्यांचा संशोधन कार्यक्रम आता एमआयटीमध्ये भरतो. दरवर्षी जेमतेम १०० च्या आसपास विद्यार्थी निवडले जातात आणि निवड झालेल्या अमेरिकी विद्यार्थ्यांकडून शिकवणी, निवास, भोजन यांचे शुल्क घेतले जात नाही. टेल्युराइड असोसिएशन ही संस्था १९५४ पासून मानव्यविद्यांवरील उन्हाळी चर्चासत्रे घेते. तिथेही निवड झालेल्यांचा निवास-भोजनाचा खर्च संस्थाच उचलते. ‘समर सायन्स प्रोग्रॅम’ १९५९ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झाला. तिथली मुले दुर्बिणीतून लघुग्रहाची निरीक्षणे घेऊन त्याची कक्षा स्वतः गणिताने काढतात.

गणितात रॉस, प्रॉमिस आणि मॅथकॅम्प ही नावे मोठी आहेत. या तिन्ही ठिकाणी अर्जासोबत गणिते सोडवून पाठवावी लागतात. ही गणिते पाठांतराने किंवा सूत्र लावून सुटणारी नसतात. त्यांच्यावर आठवडेच्या आठवडे डोके खपवावे लागते. उत्तर चुकले तरी चालते, विचार कसा केला हे पाहिले जाते. रॉस कार्यक्रम १९५७ पासून चालतो. तिथे दिवसचे दिवस एकच विषय, अंकशास्त्र, शिकवला जातो. गरजू विद्यार्थ्यांना यांपैकी बहुतेक ठिकाणी अर्थसाहाय्य मिळते. बॉस्टन विद्यापीठातील प्रॉमिसचे भारतीय रूपही आता बंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेत भरते.

म्हणजे फरक ओळखण्याची कसोटी सोपी आहे. शुल्क भरण्याची तयारी आणि शाळेचे बरे गुण एवढ्यावर जिथे जागा मिळते, तिथून आलेले प्रमाणपत्र कुटुंबाच्या ऐपतीबद्दल सांगते, विद्यार्थ्याबद्दल फारसे नाही. प्रवेश अधिकारी अशी हजारो प्रमाणपत्रे पाहतात. कोणते कोणत्या जातकुळीचे, हे त्यांना ठाऊक असते.

मग तिथले विद्यार्थी मोठ्या विद्यापीठांत जातात, ते कसे?

हा प्रश्न कळीचा आहे, कारण जाहिराती याच मुद्द्यावर उभ्या असतात. ‘आमच्या कार्यक्रमातील इतके विद्यार्थी आयव्ही लीगमध्ये’ असा दावा खराही असू शकतो. पण त्यातून कार्यक्रमामुळे प्रवेश मिळाला, हे सिद्ध होत नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे समजायला फार लांब जावे लागत नाही. जेईई-नीटच्या शिकवण्यांचे फलक पाहिले तरी पुरे. अनेक क्लास दहावीनंतर चाचणी घेऊन हुशार मुलांची वेगळी तुकडी करतात. काहींना शुल्क माफही होते. दोन वर्षांनी त्याच तुकडीतले रँकर फलकावर झळकतात आणि श्रेय क्लासला मिळते. क्लासने मेहनत घेतली नाही असे नव्हे, पण ती मुले दुसऱ्या क्लासला गेली असती तर काय झाले असते, हे फलक सांगत नाही. निकाल निवडीचा किती आणि शिकवणीचा किती, हे वेगळे काढता आल्याशिवाय दाव्याला अर्थ नसतो.

स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर या अभ्यासकांनी २००२ मध्ये हाच धागा महाविद्यालयांना लावून पाहिला. नामांकित महाविद्यालयातून शिकलेले जास्त कमावतात, हे सर्वज्ञात होते. त्यांनी तुलना केली ती जवळपास सारख्याच संस्थांत प्रवेश मिळालेल्या, पण त्यांतली कमी नामांकित संस्था निवडलेल्या विद्यार्थ्यांशी. तेव्हा कमाईतला बहुतेक फरक नाहीसा झाला. अपवाद होता तो गरीब घरांतून आलेल्या विद्यार्थ्यांचा. त्यांना मात्र निवडक संस्थेचा फायदा दिसला. ज्याच्यात मुळातच गुणवत्ता, जिद्द आणि घरचा आधार आहे, तो कुठेही पुढे जातो, आणि ज्याच्याकडे आधार कमी आहे त्याला संस्था अधिक काही देते, असा त्याचा मथितार्थ. उन्हाळी कार्यक्रमांतली विसंगती यातूनच दिसते. ज्यांना त्यांचा खरा उपयोग होईल, त्यांना ते परवडत नाहीत, आणि ज्यांना परवडतात त्यांना त्यांची गरज सर्वांत कमी असते.

पैशांचा प्रवेशावर परिणाम होतच नाही का?

होतो, पण वेगळ्या वाटांनी. दिल्लीत जन्मलेले अर्थतज्ज्ञ राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन यांचा जुलै २०२३ मधील अभ्यास या विषयावरील सर्वांत व्यापक मानला जातो. आयव्ही लीगमधील आठ आणि स्टॅनफर्ड, एमआयटी, ड्यूक, शिकागो या चार अशा १२ विद्यापीठांचा त्यांनी विचार केला. सॅट-एसीटीचे गुण सारखे असले तरी उत्पन्नात वरच्या एक टक्क्यातल्या कुटुंबांची मुले मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून अधिक प्रमाणात या विद्यापीठांत पोहोचतात, असे त्यांना आढळले.

याची तीन कारणे त्यांनी दाखवली. पहिले, माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना मिळणारे झुकते माप. दुसरे, खेळाडूंची भरती, कारण नौकानयन किंवा तलवारबाजीसारख्या खेळांना पैसा लागतो. तिसरे, अभ्यासेतर गुणांकन. महागड्या खासगी शाळांतील मुलांना उपक्रम, शिफारसी, सादरीकरण यांत जास्त गुण मिळतात. उन्हाळी कार्यक्रम येतात ते या तिसऱ्या खात्यात. मात्र त्यातही एकटे प्रमाणपत्र काम करत नाही. वर्षानुवर्षांची तयारी, अनुभवी समुपदेशक, विद्यार्थ्याला जवळून ओळखणारे शिक्षक असा सारा संच लागतो. याच अभ्यासातली दुसरी बाब अधिक बोलकी आहे. परीक्षेतील गुणांवरून पुढच्या यशाचा अंदाज बराच बांधता येतो. ज्या अभ्यासेतर गुणांमुळे श्रीमंतांना आघाडी मिळते, त्यांवरून तसा अंदाज बांधता येत नाही.

प्रवेशाच्या हव्यासाची टोकेही अमेरिकेने पाहिली आहेत. मार्च २०१९ मध्ये उघडकीस आलेल्या ‘व्हर्सिटी ब्लूज’ प्रकरणात परीक्षेत फेरफार करून आणि मुलांना खोटेच खेळाडू दाखवून प्रवेश मिळवले गेले होते. सूत्रधार समुपदेशक विल्यम सिंगर याला २०२३ मध्ये साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. त्याच वर्षी ‘प्रोपब्लिका’ या शोधपत्रकारिता संस्थेने शाळकरी मुलांना शुल्क घेऊन ‘संशोधक’ बनवणाऱ्या आणि त्यांचे निबंध कमअस्सल नियतकालिकांत छापून आणणाऱ्या नव्या उद्योगावर प्रकाश टाकला. हा उद्योग बेकायदा नाही. पण त्याचा सुळसुळाट झाला की प्रवेश समित्यांचा अशा संशोधनावरचा विश्वास उडतो आणि खरोखर काम केलेल्या मुलाचेही नुकसान होते.

फसगत कुठे होते?

पहिली जागा ‘नामांकन’ पत्राची. ‘आपल्या पाल्याची गुणवत्ता लक्षात घेऊन त्याची जागतिक युवा नेतृत्व परिषदेसाठी निवड झाली आहे’ अशा धाटणीचे, सोनेरी मोहोर असलेले पत्र किंवा ईमेल घरी येते. निवड कोणी केली, कशावरून केली, याचा उलगडा त्यात नसतो. शेवटच्या पानावर शुल्क आणि ते भरण्याची मुदत असते. जिथे अर्ज न करता निवड होते, तिथे निवड झालेली नसते, एवढे लक्षात ठेवले तरी पुष्कळ.

दुसरी जागा पत्त्याची. बऱ्याच खासगी कंपन्या विद्यापीठाची वसतिगृहे आणि वर्गखोल्या उन्हाळ्यापुरत्या भाड्याने घेतात. कार्यक्रम विद्यापीठात भरतो, पण विद्यापीठाचा नसतो. शिकवणारे तिथले प्राध्यापक नसतात आणि प्रमाणपत्रावरही विद्यापीठाची सही नसते. लग्न मोठ्या हॉटेलात झाले म्हणून हॉटेलमालक सोयरा होत नाही, तसाच हा प्रकार. कार्यक्रमाची माहिती विद्यापीठाच्या अधिकृत संकेतस्थळावर आहे का आणि शुल्क कोणाच्या खात्यात जाते, हे तपासले की उत्तर मिळते.

तिसरी बाब क्रेडिटची. काही उन्हाळी अभ्यासक्रमांना पदवीचे क्रेडिट आणि अधिकृत गुणपत्रक मिळते. महाविद्यालयीन पातळीचा अभ्यास झेपतो याचा तो पुरावा असतो, म्हणून त्याला साध्या सहभाग प्रमाणपत्रापेक्षा अर्थ आहे. पण त्याची दुसरी बाजूही आहे. तिथे कमी श्रेणी मिळाली तर तीही नोंदीवर कायम राहते आणि पुढे अर्जात दाखवावी लागते. हवापालटासाठी म्हणून अवघड अभ्यासक्रम घेणे अंगाशी येऊ शकते.

भारतीय विद्यार्थ्यांचे गणित वेगळे आहे का?

आहे, आणि अधिक अवघड आहे. २०२३-२४ मध्ये अमेरिकेत ३ लाख ३१ हजार ६०२ भारतीय विद्यार्थी होते आणि भारताने चीनला मागे टाकले होते. मात्र यांत पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्यांचा मोठा वाटा आहे. पदवी अभ्यासक्रमातील भारतीय सुमारे ३६ हजारच होते. अतिनिवडक विद्यापीठांत परदेशी अर्जदारांसाठी स्पर्धा देशी अर्जदारांहून तीव्र असते. एमआयटीच्या आकडेवारीतही परदेशींची निवड सरासरीच्या बरीच खाली दिसते.

त्यात अर्थसाहाय्याचा मुद्दा येतो. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट, डार्टमथ, ब्राऊन अशा मोजक्या संस्था परदेशी विद्यार्थ्याची निवड करताना त्याच्या घरची ऐपत पाहत नाहीत आणि निवड झाल्यावर गरजेनुसार मदत करतात. उरलेल्या बहुतेक ठिकाणी परदेशी अर्जदाराला किती मदत लागेल, हे निर्णयात धरले जाते. म्हणजे तिथे पूर्ण शुल्क भरण्याची तयारी ही गोष्टच उन्हाळी प्रमाणपत्रापेक्षा किती तरी जास्त बोलते. ज्या कुटुंबाला पुढे मदत मागावी लागणार आहे, त्याने कर्ज काढून किंवा ठेव मोडून दोन आठवड्यांसाठी पाच-सहा लाख घालवणे हा सर्वांत तोट्याचा व्यवहार ठरतो. एका विद्यापीठाचे अर्जशुल्क साधारण ७५ ते १०० डॉलर असते. त्याच रकमेत सॅटची तयारी, सगळी अर्जशुल्के आणि वर बरीच शिल्लक राहते.

व्हिसाची अनिश्चितताही आहेच. मे २०२५ च्या अखेरीस अमेरिकेने विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखती काही आठवडे थांबवल्या होत्या आणि हार्वर्डचा परदेशी विद्यार्थी घेण्याचा अधिकार काढून घेण्याचा प्रयत्न न्यायालयाने रोखला होता. नेमक्या त्याच काळात उन्हाळी कार्यक्रम सुरू होतात. त्यामुळे शुल्क परत मिळण्याचे नियम आधी वाचणे आवश्यक ठरते.

मग सुट्टीचा उपयोग कसा करावा?

अमेरिकेत बहुतांश अर्ज ‘कॉमन ॲप’ या सामायिक व्यवस्थेतून होतात. तिथे उपक्रमांसाठी १० रकाने असतात आणि प्रत्येकाच्या वर्णनाला फक्त १५० अक्षरे. त्या रकान्यांच्या प्रकारांत ‘पगारी काम’ आणि ‘कौटुंबिक जबाबदारी’ हेही आहेत, हे अनेक पालकांना माहीत नसते. वडिलांच्या दुकानाचा हिशेब सांभाळणारा, आजीच्या आजारपणात घर चालवणारी किंवा द्राक्षबागेच्या फवारणीच्या नोंदी मोबाइलवर ठेवण्याची पद्धत बसवणारा विद्यार्थी हे सारे तिथे लिहू शकतो. हार्वर्डच्या शिक्षणशास्त्र विद्याशाखेतील एका प्रकल्पाने २०१६ मध्ये ‘टर्निंग द टाइड’ हा अहवाल काढला. उपक्रमांची लांबलचक यादी पाहण्यापेक्षा घरची जबाबदारी आणि समाजासाठी सातत्याने केलेले काम यांना महत्त्व द्यावे, अशी त्याची शिफारस होती. अनेक विद्यापीठांच्या प्रवेश अधिकाऱ्यांनी त्याला पाठिंबा दिला.

त्याच्याही आधी, हार्वर्डचे प्रदीर्घ काळ प्रवेश अधिष्ठाता राहिलेले विल्यम फिट्झसिमन्स यांनी सहकाऱ्यांसह लिहिलेल्या एका टिपणात मुलांना उन्हाळा परत द्या, असे सुचवले होते. आखीव कार्यक्रमांनी सुट्टी भरून टाकू नका, साधी नोकरीही खूप शिकवते, असा त्यांचा सूर होता. ज्या विद्यापीठाच्या नावासाठी ही धावपळ चालते, त्याच्याच प्रवेशप्रमुखांचे हे म्हणणे होते.

विषयाची खरी ओढ असलेल्यांसाठी महाराष्ट्रातही वाटा आहेत. मुंबईतील मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात विज्ञान ऑलिम्पियाडची राष्ट्रीय शिबिरे भरतात. तिथे पोहोचायचे तर परीक्षांच्या पायऱ्या चढाव्या लागतात, पैसे चालत नाहीत. पुण्यात आयुका शालेय विद्यार्थ्यांना उन्हाळ्यात शास्त्रज्ञांबरोबर काम करण्याची संधी देत आली आहे. गणितज्ञ श्रीराम अभ्यंकर यांनी १९७६ मध्ये स्थापन केलेल्या भास्कराचार्य प्रतिष्ठानात ऑलिम्पियाडची तयारी होते. ऑलिम्पियाडमधील कामगिरीची भाषा एमआयटीपासून केंब्रिजपर्यंत सर्वांना समजते, तिला माहितीपत्रकाची गरज लागत नाही.

पैसे मोजून जाणे कधीच योग्य नाही का?

तसेही नाही. खर्च ज्या कुटुंबाच्या अंगावर येत नाही, मुलाला घरापासून दूर राहून पाहायचे आहे, एखाद्या विषयाची चाचपणी करायची आहे किंवा परदेशात शिकायला जायचे की नाही हेच ठरवायचे आहे, तर हा अनुभव मोलाचा ठरू शकतो. वेगवेगळ्या देशांतील समवयस्कांशी ओळख होते, इंग्रजीतून चर्चा करण्याची भीड चेपते. क्वचित तिथे लागलेली गोडी पुढे दोन वर्षांच्या गंभीर कामात उतरते आणि ते काम अर्जात बोलते. फायदा झालाच तर तो असा आडवाटेने होतो.

त्यामुळे शुल्क भरण्यापूर्वी पालकांनी एकच प्रश्न स्वतःला विचारायला हरकत नाही. त्या विद्यापीठाने पुढे प्रवेश नाकारला, तरी हे पैसे सार्थकी लागले असे वाटेल का? उत्तर ‘हो’ असेल तर खुशाल जावे. उत्तर ‘नाही’ असेल, तर आकडेवारीनुसार १०० पैकी ९५ हून अधिक घरांत पुढच्या मार्चमध्ये तीच हळहळ वाट पाहत असते. आणि ती पैशांपुरती राहत नाही. एवढा खर्च करूनही जमले नाही, हे ओझे १७ वर्षांच्या मुलाच्या खांद्यावर येते.